आकड्यांची जबानी

१८५५ सालच्या जानेवारीत क्रिमियाच्या मोहिमेवर गेलेल्या इंग्रज फौजेच्या पटावर सरासरी ३२,३९३ शिपाई होते. त्या एका महिन्यात त्यांपैकी २,७६१ जण पटकी, हगवण, ज्वर अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले. इतर कारणांनी ३२४ गेले. आणि ज्या कार्यासाठी ही फौज समुद्र ओलांडून नेली होती त्या कार्यात, शत्रूच्या शस्त्रांनी झालेल्या जखमांमुळे, प्राणास मुकले ते अवघे ८३.

हे आकडे कोणी दडवून ठेवले होते असे नव्हे. लष्करी खात्याच्या निरनिराळ्या दप्तरांत ते विखुरलेले होते, एका दप्तराचा मेळ दुसऱ्याशी बसत नव्हता, आणि ज्यांनी ते वाचून काही निर्णय करायचा ते मंत्री, सरदार व पार्लमेंटचे सभासद असल्या रकान्यांवरून नुसती नजर फिरवून पुढे जात. ही मंडळी दुष्ट होती असे म्हणण्याचे कारण नाही. बारा ओळी आणि सहा रकाने असलेला तक्ता समोर आला म्हणजे त्यातील बहात्तर आकड्यांचे परस्परसंबंध एकाच वेळी मनात धरून ठेवणे हे कोणाही माणसाच्या स्मरणशक्तीपलीकडचे असते. तेच आकडे रेषेची लांबी, आकृतीचे क्षेत्र किंवा रंगाची छटा या रूपाने मांडले, की कोणता मोठा, कोणता लहान, चढ कोठे लागला आणि उतार कोठे, हे डोळा क्षणार्धात ठरवून मोकळा होतो. डोळ्याची ही शक्ती फार मोठी आहे, आणि ती तितकीच भोळीही आहे.

या शक्तीचा पद्धतशीर उपयोग प्रथम केला तो विल्यम प्लेफेअर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने. १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्यापारविषयक ग्रंथात त्याने इंग्लंडची आयात आणि निर्यात अशा दोन रेषा एकाच चौकटीत काढल्या, आणि त्या दोहोंमधला पट्टा रंगवून देश नफ्यात आहे की तोट्यात हे दाखविले. स्कॉटलंडच्या बाबतीत त्याच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे होते, म्हणून रेषा काढता येईना. तेव्हा त्याने आडवे पट्टे काढले आणि त्या अडचणीतून आजचा स्तंभालेख जन्मास आला. १८०१ साली वृत्तालेखही त्यानेच प्रचारात आणला. या गृहस्थाचे स्वतःचे पैशाचे व्यवहार मात्र त्याच्या रेषांइतके सरळ नव्हते, आणि कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. आलेखाची कला एका अशा माणसाच्या हातून जन्मली, हा योगायोग मला नेहमीच थोडासा सूचक वाटत आला आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाई क्रिमियाच्या त्याच मोहिमेच्या काळात, १८५४ च्या नोव्हेंबरात, अडतीस परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या, आणि दिवा हाती घेऊन रुग्णांमधून फिरणारी दयामूर्ती म्हणून त्यांची जी प्रतिमा आपल्या शालेय पुस्तकांतून चालत आली आहे, तिच्या तेजात त्यांचे दुसरे, आणि माझ्या मते अधिक टिकाऊ, कर्तृत्व झाकून गेले आहे. १८५६ साली त्या मायदेशी परतल्या त्या आकड्यांचा ध्यास घेऊनच. फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५७ साली शाही आयोग बसला, आणि त्याच्यापुढे ठेवण्याच्या पुराव्याच्या सिद्धतेत इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतील विख्यात आकडेतज्ज्ञ विल्यम फार हे त्यांचे सल्लागार झाले. अहवाल फार रुक्ष होईल, अशी तक्रार बाईंनी केली तेव्हा फार यांनी उलट लिहिले, की आकडेशास्त्राचे लेखन जितके रुक्ष तितके उत्तम. बाईंनी या थोर माणसाचे आकडे घेतले आणि त्याचा हा उपदेश बाजूला ठेवला.

त्यांनी १८५८ साली जी आकृती प्रसिद्ध केली ती दिसते फुलासारखी. एका मध्यबिंदूभोवती समान कोनाच्या बारा पाकळ्या आहेत. प्रत्येक पाकळी म्हणजे एक महिना. आणि त्या महिन्यात मृत्यूचे प्रमाण जितके अधिक तितकी पाकळी बाहेर विस्तारलेली. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्यात आणि उरलेल्या कारणांचे काळ्यात. अशी दोन फुले शेजारी शेजारी आहेत: एक एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ या वर्षाचे आणि दुसरे त्याच्या पुढल्या वर्षाचे. पहिल्या फुलातील हिवाळी महिन्यांच्या निळ्या पाकळ्या कागद व्यापून टाकतात आणि त्यांच्या आत, मध्यबिंदूशी चिकटून, तांबडा रंग जेमतेम दिसतो. रशियाच्या तोफांहून इंग्रजांची स्वतःची गटारे अधिक घातक ठरली, हे समजण्यासाठी एकही आकडा वाचावा लागत नाही.

येथे थांबून या आकृतीचा हिशेब तपासणे अगत्याचे आहे. बाईंनी मृतांची नुसती संख्या काढली नाही. फौज कधी तेवीस हजारांची होती, कधी चव्वेचाळीस हजारांची. मोठ्या फौजेत अधिक माणसे मरणारच. म्हणून त्यांनी दर हजारी वार्षिक प्रमाण काढले. जानेवारी १८५५ मध्ये रोगांपुरते हे प्रमाण आले १०२२.८. दर हजारी हजाराहून अधिक माणसे मरतील कशी, असे कोणीही विचारील. अर्थ असा, की मृत्यूचा तो वेग वर्षभर तसाच चालू राहिला असता आणि नवी कुमक येत राहिली नसती, तर वर्ष संपण्यापूर्वी समग्र फौज केवळ रोगाने नामशेष झाली असती. छेदस्थानी काय घ्यावे, किती माणसांपैकी आणि किती काळात हे कसे सांगावे, याचा निर्णय रेषा ओढण्याच्या पुष्कळ आधी होतो, आणि आलेखाचा प्रामाणिकपणा बहुधा तेथेच ठरून गेलेला असतो. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढल्याचे चित्र छापून येते तेव्हा लोकसंख्या किती वाढली आणि फिर्याद नोंदविण्याची सोय किती वाढली, हे दोन प्रश्न त्या चित्राच्या चौकटीबाहेरच राहिलेले असतात.

दुसरा हिशेब क्षेत्रफळाचा. बाईंच्या आरंभीच्या एका आकृतीत मृत्यूचे प्रमाण मध्यबिंदूपासूनच्या अंतराने, म्हणजे त्रिज्येने, दाखविले होते. हे भूमितीच्या दृष्टीने फसवे आहे. त्रिज्या चौपट केली की क्षेत्रफळ सोळापट होते, आणि रंगवलेली जागा पाहणारा डोळा नकळत क्षेत्रफळच मोजत असतो. त्यामुळे चौपट मृत्यू सोळापट भासू लागतात. ही चूक बाईंच्या पक्षाला सोयीचीच होती, तरीही ती ध्यानात येताच त्यांनी शुद्धिपत्र जोडले आणि पुढील आकृतीत क्षेत्रफळ प्रमाणास धरून राहील अशा बेताने त्रिज्या आखल्या. परिणामी जानेवारीची पाकळी पूर्वीहून लहान दिसू लागली. एखादे गोलाकार नाणे दुप्पट उंच काढून अर्थसंकल्प दुप्पट झाला असे दाखविणारे आणि प्रत्यक्षात चौपट जागा व्यापणारे चित्र आजही वर्तमानपत्रांत बिनदिक्कत छापले जाते.

इतके सांगितल्यावर या सुप्रसिद्ध आकृतीविरुद्ध जे म्हणावयाचे तेही म्हटले पाहिजे. एक तर तिन्ही रंगांच्या पाकळ्या मध्यबिंदूपासूनच मोजलेल्या आणि एकमेकींवर ठेवलेल्या आहेत. पण पाहणारा असे समजतो की तांबड्यावर काळा आणि काळ्यावर निळा असे थर रचलेले आहेत, आणि मग निळ्याचा उरलेला काठ तेवढाच तो मोजतो. तळटीप वाचल्यावाचून नीट न समजणारे चित्र सुंदर असले तरी सुबोध म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्कुटारीची गटारे उपसून इस्पितळ राहण्याजोगे करणारा स्वच्छता आयोग तेथे पोहोचला १८५५ च्या मार्चच्या प्रारंभी. आणि बाईंनी दोन फुलांची विभागणी केली ती नेमकी मार्चअखेरीस. एका फुलात अक्राळविक्राळ पाकळ्या, दुसऱ्यात इवल्याशा, आणि मधली रिकामी जागा जणू आयोगाच्या आगमनाची. परंतु महिन्यांचे आकडे क्रमाने पाहिले तर जानेवारीचे १०२२.८ हे प्रमाण फेब्रुवारीत ८२२.८ आणि मार्चमध्ये ४८०.३ झालेले आढळते. म्हणजे आयोगाच्या कामाचा परिणाम समग्र फौजेवर दिसू लागण्यापूर्वीच उतार निम्म्याहून अधिक झाला होता. थंडी ओसरत होती, अन्न आणि कपडे यांचा पुरवठा सुधारत होता. हेच आकडे प्लेफेअरच्या पद्धतीने एका सलग रेषेत काढले असते तर हा उतार कोणाच्याही नजरेतून सुटला नसता. रेषा दोन वर्तुळांत तोडल्यामुळे तो सुटतो.

यावरून आयोगाने काही केलेच नाही असे अनुमान काढणे हेही घाईचे होईल. ऋतूचा आक्षेप दूर ठेवायचा तर हिवाळ्याची तुलना हिवाळ्याशी करावी: जानेवारी १८५६ मध्ये ४४,२१२ शिपायांपैकी रोगाने दगावले ४२, आणि वार्षिक प्रमाण आले दर हजारी ११.४. एका वर्षात हजारावरून अकरावर. यात स्वच्छतेचा वाटा किती आणि पुरवठ्याचा किती, याचा निवाडा आलेखाने होत नाही आणि तसा आव त्याने आणू नये. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर बाईंच्या चित्रावर हा आक्षेप घेता येतो तो बाईंनीच छापलेल्या आकड्यांच्या आधारे. महिनावार फौज किती, कोणत्या कारणाने किती मेले, प्रमाण कसे काढले, हा सगळा तपशील त्यांनी वाचकाच्या हवाली केला आहे. ज्याला उलटतपासणी करावयाची आहे त्याच्या हाती त्यांनी दस्तऐवज ठेवला. आणि चित्राच्या सचोटीची याहून चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाही.

बाईंच्या एका दुसऱ्या, कमी गाजलेल्या आकृतीत ही सचोटी चित्रातच उतरलेली आहे. तीत फुले नाहीत. साध्या आडव्या रेषांच्या जोड्या आहेत. शांततेच्या काळात, इंग्लंडातील बराकींत राहणारे शिपाई एका बाजूला, त्याच वयाचे इंग्लंडचे सर्वसाधारण पुरुष दुसऱ्या बाजूला. वीस ते पंचवीस वयात सामान्य पुरुष दर हजारी ८.४ मरत, शिपाई १७. पस्तीस ते चाळीस वयात सामान्य पुरुष ११.६, शिपाई १९.३. शिपाई हे वैद्याकडून तपासून, निवडून घेतलेले धडधाकट तरुण. त्यांनी सामान्यांहून कमी मरावयास हवे होते. वयाशी वय जुळविले, देशाशी देश जुळविला, युद्ध वगळले, शून्यापासून रेषा आखल्या. मग बोलण्यासारखे काही उरलेच नाही. मला ही आकृती फुलांच्या आकृतीहून श्रेष्ठ वाटते.

शून्यापासून आखणे ही बाब किरकोळ नव्हे. पन्नास आणि बावन्न या दोन संख्यांचे स्तंभ काढताना मापाची सुरुवात अठ्ठेचाळीसपासून केली, तर एक स्तंभ दोन भागांचा आणि दुसरा चार भागांचा, म्हणजे बरोबर दुप्पट होतो, आणि खाली बारीक अक्षरांत खरे आकडे छापलेले असल्यामुळे कोणी खोटे बोलल्याचा आरोपही करू शकत नाही. कुंपणाआड उभ्या असलेल्या दोघांची उंची कुंपणावर दिसणाऱ्या डोक्यांवरून ठरविण्यासारखाच हा प्रकार. तापमानासारख्या किंवा बाजारभावासारख्या चढउतारांच्या रेषेला शून्याचे बंधन नाही. तेथे डोळा रेषेचा कल पाहतो. स्तंभात तो उंचीच पाहतो, म्हणून स्तंभाला पाय तोडून उभे करता येत नाही.

नकाशाची फसवणूक तर आणखी सोज्ज्वळ असते. महाराष्ट्राच्या नकाशात जिल्हे रंगवून एखादी गोष्ट दाखविली म्हणजे १४,४१२ चौरस किलोमीटरांचा गडचिरोली जिल्हा पूर्वेचा मोठा कोपरा व्यापतो आणि मुंबई शहर जिल्हा शाईच्या ठिपक्याएवढा राहतो. परंतु २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे गडचिरोलीत माणसे १०.७ लाख आणि त्या ठिपक्यात ३०.९ लाख. मतदान, साक्षरता, आजार या माणसांच्या गोष्टी आहेत. नकाशा मात्र जंगलाला आणि डोंगराला रंग देतो. जिल्ह्याच्या जागी लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळ काढले की नकाशाचा ओळखीचा आकार बिघडतो आणि चित्र थोडे कुरूप होते. ते कुरूप होऊ द्यावे.

चित्र स्पष्ट असावे म्हणजे त्यात थोडे असावे, असा एक गैरसमज अलीकडे कचेऱ्यांतून बोकाळला आहे. त्याला उत्तर म्हणून शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याचा १८६९ चा नकाशा पाहावा. नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीत फौज कशी वितळत गेली हे त्याने दाखविले ते एका पट्ट्याच्या रुंदीने: एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसे. नीमन नदीशी ४,२२,००० माणसांचा रुंद पट्टा निघतो, मॉस्कोला १,००,००० चा होऊन पोहोचतो, आणि परतीचा काळा पट्टा १०,००० च्या धाग्याएवढा उरतो. खाली परतीच्या वाटेवरील थंडीचे अंश तारखांसह. संख्या, स्थळ, दिशा, तापमान, तिथी अशा कितीतरी गोष्टी एका कागदावर आहेत आणि कोठेही गर्दी वाटत नाही. मिनार त्या वेळी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. नकाशाच्या माथ्यावर त्याने आपण कोणाकोणाच्या लेखनातून आकडे घेतले हे नोंदविले आहे, आणि शिवाय हेही, की मुख्य फौजेतून फुटून मिन्स्ककडे गेलेल्या आणि पुढे पुन्हा येऊन मिळालेल्या तुकड्या सतत मुख्य फौजेबरोबरच चालत होत्या असे आपण सोयीसाठी मानले आहे. सोपे करण्यासाठी काय सोडले ते त्याने चित्रावरच सांगितले.

सोडलेल्या गोष्टींचा हिशेब किती भयंकर होऊ शकतो याचे उदाहरण १९८६ च्या जानेवारीतले आहे. अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांची आणि अधिकाऱ्यांची दूरध्वनीवरून सभा झाली. कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी ताठरतील आणि तप्त वायू बाहेर फुटेल, अशी अभियंत्यांना भीती होती. सभेत विचार झाला तो ज्या पूर्वीच्या उड्डाणांत कड्यांना इजा आढळली होती तेवढ्यांचाच. त्यांत सर्वात थंड उड्डाण सुमारे १२ सेल्सिअस अंशांचे होते आणि एक सुमारे २४ अंशांचेही. थंडीतही दोष, उबेतही दोष. तेव्हा तापमानाशी संबंध काय, असे कोणीही म्हणावे. परंतु ज्या उड्डाणांत काहीच बिघडले नव्हते त्यांचे ठिपके त्याच कागदावर मांडले असते, तर दिसले असते की सुमारे १८ अंशांखालची चारही उड्डाणे सदोष निघाली होती आणि त्याहून उबदार अशा विसांपैकी फक्त तीन. उड्डाणाच्या वेळी हवा होती २ अंशांच्या आसपास. सातही अंतराळवीर मृत्यू पावले. सगळा दोष कागदावर टाकणे अन्यायाचे होईल, आणि त्या अभियंत्यांनी पुढे तसे म्हटलेही आहे; वरिष्ठांना उड्डाणाची घाई होती आणि अभियंत्यांचा विरोध डावलला गेला होता. तरीही चौकशी आयोगाने समग्र उड्डाणांचा आलेख काढला तेव्हा जे दिसले ते आदल्या रात्री कोणाच्याही डोळ्यांसमोर नव्हते, हे खरे. ज्या ठिकाणी काही घडले नाही त्या ठिकाणांची नोंद आकडेवारीत निरर्थक समजली जाते. वास्तविक तुलनेचा निम्मा भार तीच वाहत असते.

नाइटिंगेलबाईंना नोंदीच नसण्याची उणीव पुढे हिंदुस्थानच्या बाबतीत जाणवली. येथील इंग्रज फौजेच्या आरोग्याविषयी १८५९ साली नेमलेल्या आयोगासाठी प्रश्नावल्या तयार करण्यात त्यांनी भाग घेतला. त्या छावणीछावणीला पाठविण्यात आल्या. आणि १८६३ सालच्या अहवालात मृत्यूचे प्रमाण निघाले दर हजारी ६९. १८७३ साली बाईंनी ते १८ वर आल्याचे लिहिले. शिपायाचा पट असतो, हजेरी असते, त्यामुळे हे प्रमाण काढणे शक्य झाले. छावणीच्या कुंपणापलीकडील गावांत किती माणसे जन्मली आणि किती मेली याची धड नोंदच नव्हती, आणि ज्याची नोंद नाही त्याची पाकळी काढता येत नाही. उतारवयात पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला होता त्याचा विषय होता खेड्यांचे आरोग्य. त्या पत्रांबरोबर मात्र फुलांची आकृती नव्हती.